वाचक विचारतात : बायोसेन्सरचा करंट नेमका कोणाचा?

बायोसेन्सर म्हणजे एन्झाइम, अँटिबॉडी असा एखादा जैविक घटक वापरून पदार्थ ओळखणारे आणि बहुधा विजेच्या प्रवाहावरून, म्हणजे करंटवरून, त्याचे प्रमाण सांगणारे उपकरण. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. बहुतेक पत्रांचे दुखणे एकच दिसते. उपकरण आकडा दाखवते, पण तो आकडा ज्या पदार्थाचा असायला हवा त्याचाच आहे का, हे तपासायचे राहून गेलेले असते.

प्रश्न : स्क्रीन-प्रिंटेड कार्बन इलेक्ट्रोडवर प्रशियन ब्लू आणि त्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज बसवून सेन्सर तयार केला. पहिल्या दिवशी पीबीएसमध्ये (मीठयुक्त फॉस्फेट बफरमध्ये) झकास सरळ रेषा मिळते, तिसऱ्या दिवशी करंट निम्म्यावर येतो. एन्झाइम मरते आहे की धुऊन जाते आहे? बांधण्याची खात्रीची पद्धतही सांगा. — एम.एस्सी. जैवतंत्रज्ञानाची विद्यार्थिनी

उत्तर : नवख्या वाचकांसाठी आधी एक ओळ : ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम ग्लुकोजपासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते, प्रशियन ब्लू हे लोहाचे निळे संयुग त्याचे क्षपण करते (त्याला इलेक्ट्रॉन देते), आणि तोच करंट मोजला जातो. आता, तिसरी शक्यता तुमच्या पत्रात नाही, आणि आमचा पहिला संशय तिच्यावरच आहे. प्रशियन ब्लूचा थरच झिजत असेल. हा थर आम्लधर्मी द्रावणात टिकतो. सामू (पीएच) ७ च्या वर गेला की त्यातले लोह हायड्रॉक्साइड होऊन सुटू लागते. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या क्षपणातून इलेक्ट्रोडलगत हायड्रॉक्साइड आयन तयार होतातच, म्हणजे बाटलीवर ७.४ लिहिले असले तरी पृष्ठभागाशी सामू त्याहून जास्त असतो. शिवाय प्रशियन ब्लूच्या जाळीत पोटॅशियम आयन सहज आत-बाहेर करतात, सोडियमचा जलवेष्टित आयन तिथे नीट मावत नाही. नेहमीच्या पीबीएसमध्ये भरणा सोडियमचा असतो. त्यामुळे ५० मिलीमोलर पोटॅशियम फॉस्फेट, त्यात ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइड, सामू ६.५ असा बफर घ्या. अर्धा त्रास एवढ्यानेच जायला हवा.

दोष कुठे आहे ते शोधायला तीन तपासण्या पुरतात. पहिल्या दिवशी ग्लुकोजबरोबरच ०.१ मिलीमोलर हायड्रोजन पेरॉक्साइडला मिळणारा करंटही लिहून ठेवा. तिसऱ्या दिवशी पेरॉक्साइडचा करंटही तेवढाच घसरला असेल तर गुन्हेगार इलेक्ट्रोड. पेरॉक्साइडचा करंट तसाच, पण ग्लुकोजचा घसरला, तर एन्झाइमकडे पाहा. मग सेन्सर ज्या बफरमध्ये ठेवला होता तो बफर घ्या, त्यात ग्लुकोज घाला आणि एका कोऱ्या प्रशियन ब्लू इलेक्ट्रोडवर मोजा. करंट हळूहळू चढू लागला तर एन्झाइम सुटून बाहेर आले आहे. काहीच चढले नाही, तर ते जागच्या जागी निकामी झाले आहे.

बांधण्याची पद्धत अशी. सामू ७.० च्या फॉस्फेट बफरमध्ये दर मिलिलिटरला १० मिलिग्रॅम ग्लुकोज ऑक्सिडेज आणि ४० मिलिग्रॅम बीएसए (गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन प्रथिन) विरघळवा. फेस होऊ देऊ नका. व्हॉर्टेक्स नको, नळी हाताने उलटसुलट करा. या मिश्रणाचे ९० मायक्रोलिटर घेऊन त्यात २.५ टक्के ग्लुटराल्डिहाइडचे (प्रथिनांना एकमेकांशी जोडणाऱ्या रसायनाचे) १० मायक्रोलिटर घाला, पिपेटने दोन-तीनदा वरखाली करा आणि लगेच प्रत्येक इलेक्ट्रोडवर ३ मायक्रोलिटर सोडा. ४ मिलिमीटर व्यासाच्या चकतीला एवढे पुरते. थेंब रेफरन्सच्या (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात त्या इलेक्ट्रोडच्या) पट्टीवर ओघळला तर तो इलेक्ट्रोड बाजूला काढा, पुसून वापरू नका. मिश्रण काही मिनिटांतच घट्ट होऊ लागते, तेव्हा एका वेळी वीस इलेक्ट्रोड करायचे असतील तर मिश्रण दोन खेपांत बनवा. नाहीतर पहिला आणि विसावा इलेक्ट्रोड एकमेकांना ओळख देणार नाहीत. ओलसर डबीत एक तास, मग ४ अंश सेल्सिअसला रात्रभर. सकाळी ०.१ मोलर ग्लायसिनमध्ये १५ मिनिटे बुडवून उरलेले अल्डिहाइड गट शमवा आणि बफरने तीनदा धुवा.

बीएसए इथे भरीचा माल नाही. त्याच्या लायसिन या अमिनो आम्लावर ग्लुटराल्डिहाइड खर्च होते, म्हणून एन्झाइमची कमी ओढाताण होते. ग्लुटराल्डिहाइड वाढवले की थर दणकट होतो आणि करंट पडतो, ०.२५ टक्क्यांच्या आसपास बहुधा जमते. ट्रिस बफर मात्र या पायरीत चुकूनही नको. ट्रिस स्वतःच अमाइन आहे, ग्लुटराल्डिहाइड तेच खाऊन टाकते आणि एन्झाइम सुटेच राहते. ग्लुटराल्डिहाइडची जुनी, गढूळ बाटलीही नको. आणि एन्झाइम विकत घेताना त्यातल्या कॅटालेजचे प्रमाण वाचा. स्वस्त नमुन्यात ते बरेच असते आणि तुमचे पेरॉक्साइड इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचण्याआधीच संपवते.

साठवण कोरडी हवी. शेवटच्या धुण्यानंतर १ टक्का ट्रेहॅलोज या साखरेचा थेंब वाळवून, सिलिका जेलसह बंद पाकिटात, ४ अंशांना ठेवा. बफरमध्ये बुडवून ठेवलेला सेन्सर आणि कोरडा ठेवलेला सेन्सर यांच्या आयुष्यात मोठा फरक पडतो.

प्रश्न : ग्लुकोजचे ताजे द्रावण करून कॅलिब्रेशन (ज्ञात प्रमाणाच्या द्रावणांवर सेन्सर जुळवणे) केले की रेषेचा उतार एक येतो, तेच द्रावण दुसऱ्या दिवशी वापरले की वेगळा. सेन्सर बदलला नाही. असे का?

उत्तर : सेन्सर बदलला नाही, ग्लुकोज बदलले. बाटलीतली पावडर बहुतांशी अल्फा रूपात असते आणि ग्लुकोज ऑक्सिडेज बीटा रूपच खाते. पाण्यात दोन्ही रूपांचा समतोल साधला जातो, साधारण ३६ टक्के अल्फा आणि ६४ टक्के बीटा, पण त्याला काही तास लागतात. म्हणून १ मोलरचे मूळ द्रावण आदल्या दिवशी करून रात्रभर ठेवा, नंतर फ्रिजमध्ये टाका. दोन आठवड्यांनी फेका. ग्लुकोजवर जीवाणूंचाही डोळा असतो.

प्रश्न : बफरमध्ये उत्तम चालणारा आमचा सेन्सर (प्लॅटिनम, अधिक ०.६५ व्होल्ट) सीरममध्ये नेला की प्रयोगशाळेच्या अहवालापेक्षा बरेच जास्त ग्लुकोज दाखवतो. घामात तर आकड्याला अर्थच राहत नाही. — संशोधक विद्यार्थी

उत्तर : अधिक ०.६५ व्होल्टला पेरॉक्साइड जसे ऑक्सिडाइज होते तसेच ॲस्कॉर्बिक आम्ल, युरिक आम्ल आणि पॅरासिटामॉलही होते. इलेक्ट्रोडला कोण आले ते कळत नाही, इलेक्ट्रॉन मिळाले एवढेच कळते. पहिले काम म्हणजे एक सावत्र भाऊ तयार करा : तोच इलेक्ट्रोड, तोच बीएसए-ग्लुटराल्डिहाइडचा थर, फक्त ग्लुकोज ऑक्सिडेज वगळलेले. दोन्ही एकाच नमुन्यात मोजा. एन्झाइम नसलेल्यावर जो करंट येतो तो ग्लुकोजचा नाही. हा जोडीदार नसेल तर बाकी सगळे आलेख आम्ही तरी वाचणार नाही.

उपाय दोन बाजूंनी करता येतात. एक म्हणजे विभव (लावलेले व्होल्टेज) खाली आणणे. प्रशियन ब्लूवर पेरॉक्साइडचे क्षपण सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड रेफरन्सच्या तुलनेत शून्य व्होल्टच्या आसपास होते आणि तिथे ॲस्कॉर्बेट, युरेट (वरच्या दोन आम्लांचे आयन) फारसे बोलत नाहीत. दुसरे म्हणजे पडदा. नाफिऑन या प्लास्टिकच्या पडद्यावर ऋण भार असतो, म्हणून ॲस्कॉर्बेट आणि युरेट हे ऋण आयन तो अडवतो. पॅरासिटामॉल शरीराच्या सामूला भाररहित असते, ते नाफिऑनमधून आरामात पलीकडे जाते. 'नाफिऑन लावला, आता हस्तक्षेप संपला' असे वाक्य प्रबंधात लिहिण्याआधी पॅरासिटामॉल वेगळे तपासा. तपासताना हे पदार्थ रक्तात जेवढे असतात त्या प्रमाणात घाला : युरिक आम्ल ०.४ मिलीमोलर, ॲस्कॉर्बिक आम्ल ०.१ मिलीमोलर, पॅरासिटामॉल ०.१ ते ०.२ मिलीमोलर, आणि जोडीला ५ मिलीमोलर ग्लुकोज.

घामाची गोष्ट आणखी अवघड. त्यात ग्लुकोज रक्ताच्या सुमारे शंभरपट कमी असते, त्वचेवर आधीपासून असलेले ग्लुकोज त्यात मिसळते, आणि सामू साधारण ४.५ ते ७ यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. क्लोराइडही घामाच्या वेगाप्रमाणे बदलते. तुमच्या पट्टीवरचा रेफरन्स उघडा सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड असेल तर क्लोराइड दहापट बदलल्यावर त्याचे विभव सुमारे ५९ मिलिव्होल्टने सरकते. म्हणजे तुम्ही लावलेले विभव तुम्ही लावलेले राहतच नाही. पोटॅशियम क्लोराइडने भरलेल्या पॉलिव्हिनाइल ब्युटिराल या प्लास्टिकचा पडदा रेफरन्सवर घाला. आणि खरे सांगायचे तर घामात सुरुवात सोडियमपासून करा. ते १० ते १०० मिलीमोलर असते, मोजता येते, आणि त्याच्या आकड्याचा उपयोगही आहे.

प्रश्न : ग्लुकोमीटर घरोघरी पोहोचला. मग हृदयविकाराची, संसर्गाची तपासणी करणारी तशीच पट्टी इतकी वर्षे का रखडली?

उत्तर : क्लार्क आणि लायन्स यांनी ऑक्सिजन इलेक्ट्रोडवर एन्झाइम बसवण्याची कल्पना १९६२ मध्ये मांडली, खिशात मावणारा विद्युतरासायनिक ग्लुकोमीटर १९८७ मध्ये आला. ग्लुकोजच्या बाबतीत तीन गोष्टी जमून आल्या. रक्तात ते ५ मिलीमोलरच्या आसपास, म्हणजे मुबलक असते. त्याचे एन्झाइम विलक्षण चिवट आहे. आणि एन्झाइमचा एक रेणू सेकंदाला शेकडो ग्लुकोज रेणू पचवतो, त्यामुळे संकेत आपोआप मोठा होतो. हृदयविकारात पाहिले जाणारे ट्रोपोनिन आय हे हृदयस्नायूचे प्रथिन लिटरला २४ नॅनोग्रॅम असेल तर ते सुमारे १ पिकोमोलर होते. ग्लुकोजच्या तुलनेत पाचशे कोटी पट कमी. त्याला पकडायला अँटिबॉडी लागते, ती एकदा चिकटली की चिकटली, संकेत वाढवायला वेगळी सोय करावी लागते, आणि रक्तातली बाकी सगळी प्रथिने त्याच पृष्ठभागावर गर्दी करतात. अडचण मोजण्यापेक्षा ही गर्दी दूर ठेवण्यात जास्त आहे.

प्रश्न : ईएसपी३२ (वायफाय असलेला मायक्रोकंट्रोलर) आणि एलएम३५८ (ऑप-अँप, म्हणजे संकेत वाढवणारी चिप) वापरून पोटेन्शिओस्टॅट (इलेक्ट्रोडला ठरावीक व्होल्टेज देऊन करंट मोजणारे मंडल) बनवला. ठरावीक रोधावर ठीक चालतो, इलेक्ट्रोड लावला की आकडा सरकत राहतो आणि थरथरतो. — इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी

उत्तर : एलएम३५८ काढा. त्याच्या इनपुटमधून काही दहा नॅनोअँपिअर बायस करंट वाहतो. तुमचा संकेत १०० नॅनोअँपिअरचा असताना ही चोरी परवडत नाही, आणि रेफरन्स इलेक्ट्रोडमधून तर करंट वाहताच कामा नये. सीमॉस ऑप-अँप घ्या, उदाहरणार्थ एमसीपी६००२. त्याचा बायस करंट पिकोअँपिअरमध्ये असतो.

करंटचे व्होल्टेज करणाऱ्या टप्प्यात १०० किलोओहमचा रोध ठेवा. १० मायक्रोअँपिअरला १ व्होल्ट मिळतो. ईएसपी३२च्या आतला एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) दोन्ही टोकांना वाकडा आहे, आणि त्याचा दुसरा एडीसी गट वायफाय चालू असताना वापरताच येत नाही. म्हणून बाहेरचा एडीएस१११५ लावा. २.०४८ व्होल्टच्या पल्ल्यात त्याची एक पायरी ६२.५ मायक्रोव्होल्टची, म्हणजे १०० किलोओहमवर ०.६२५ नॅनोअँपिअर. घरगुती कामाला पुष्कळ झाले.

थरथर बहुधा विजेच्या तारांची असते. रोधाला समांतर १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर टाका, १६ हर्ट्झच्या वरचे बरेचसे दबते. त्यावर नेमकी १०० मिलिसेकंदांची सरासरी घ्या : त्यात ५० हर्ट्झची पाच आणि ६० हर्ट्झची सहा पूर्ण आवर्तने बसतात, म्हणून दोन्ही गोंगाट रद्द होतात. ९० मिलिसेकंदांची सरासरी घेतलीत तर ५० हर्ट्झचे अर्धे आवर्तन शिल्लक राहते. वायफायने माहिती पाठवताना ईएसपी३२ शेकडो मिलिअँपिअरचे झटके ओढतो. मोजणी आणि पाठवणी वेगवेगळ्या वेळी करा आणि अॅनलॉग भागाला वेगळा रेग्युलेटर द्या.

सरकण्याचे कारण मात्र कदाचित मंडलात नाहीच. थेंब टाकल्यावर न ढवळलेल्या द्रावणात करंट वेळेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटतच जातो, तो कॉट्रेलचा नियम आहे. विभव लावल्यापासून ६० व्या सेकंदाला वाचायचे ठरवा आणि प्रत्येक वेळी तेव्हाच वाचा. हेही पाहा की द्रव पट्टीवरून चढत कनेक्टरपर्यंत पोहोचत नाही ना. सोल्डरच्या फ्लक्सचा चिकट थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून काढा. दमट हवेत तोच गळतीचा मार्ग होतो. मंडल निर्दोष आहे हे ठरवायला काउंटर (करंट पुरवणाऱ्या) आणि रेफरन्स इलेक्ट्रोडची टोके जोडून घ्या, तिथून वर्किंगच्या (मोजणाऱ्या इलेक्ट्रोडच्या) टोकापर्यंत १ टक्का अचूकतेचा १०० किलोओहम लावा, ०.१ व्होल्ट द्या. १ मायक्रोअँपिअर यायला हवा आणि तासभर तिथेच थांबायला हवा.

प्रश्न : आईंना दंडावर सतत ग्लुकोज मोजणारा सेन्सर लावला आहे. बोटाच्या रक्ताचा आणि त्याचा आकडा जुळत नाही, कधी ३० ने फरक पडतो. कोणावर विश्वास ठेवायचा?

उत्तर : दोघे वेगवेगळी गोष्ट मोजतात. बोटातून रक्त येते, दंडावरचा सेन्सर त्वचेखालच्या पेशींमधल्या द्रवात बसलेला असतो. रक्तातला बदल तिथे पोहोचायला साधारण ५ ते १० मिनिटे लागतात. जेवणानंतर साखर डेसिलिटरमागे दर मिनिटाला २ मिलिग्रॅमने चढत असेल तर १० मिनिटांच्या उशिराने २० चा फरक पडणारच. तुलना करायची ती उपाशीपोटी किंवा पडद्यावरचा बाण आडवा, म्हणजे साखर स्थिर, असताना.

बोटाचा मीटरही काही देववाणी नाही. आयएसओ १५१९७ या ग्लुकोमीटरच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीनुसार १०० मिलिग्रॅमच्या खाली १५ मिलिग्रॅम आणि वर १५ टक्के इतकी चूक चालते, आणि तीही ९५ टक्के मोजण्यांत. २०० असताना १७० किंवा २३० दाखवणारा मीटर नियमातच आहे. फळ कापलेल्या हाताने चाचणी केली तर बोटावरची साखरही मोजली जाते; हात साबणाने धुऊन, कोरडे करून मगच टोचा. रक्तातल्या तांबड्या पेशींचे प्रमाण कमी असेल, म्हणजे ॲनिमिया असेल, तर बरेच मीटर साखर खरी असते त्याहून जास्त दाखवतात.

दंडावरच्या सेन्सरचे पहिले २४ तास जरा सांभाळून घ्या, सुईच्या जखमेमुळे तिथली परिस्थिती स्थिरावलेली नसते. रात्री त्याच कुशीवर झोपल्याने दाब पडला की आकडा खोटाच खाली येतो आणि गजर वाजतो. काही सेन्सरवर पॅरासिटामॉल, जीवनसत्त्व क चे मोठे डोस किंवा हायड्रॉक्सियुरिया यांचा परिणाम होतो. तुमच्या सेन्सरच्या माहितीपत्रकात औषधांची यादी असते, ती वाचा आणि आईंच्या गोळ्यांशी ताडून पाहा. घाम फुटणे, हातपाय थरथरणे, गोंधळल्यासारखे होणे अशी लक्षणे असतील आणि सेन्सर ठीक म्हणत असेल, तर लक्षणांवर विश्वास ठेवा आणि लगेच बोटाने तपासा. इन्सुलिनचा डोस कोणत्या आकड्यावर ठरवायचा हे डॉक्टरांकडून एकदा लिहून घ्या.

प्रश्न : ॲसिटिलकोलिनएस्टरेज (काही कीटकनाशके रोखतात ते मज्जासंस्थेतले एन्झाइम) वापरून कीटकनाशक ओळखणारा सेन्सर केला. पॅराऑक्सॉन छान ओळखतो. पण क्लोरपायरिफॉस स्वतः घातलेल्या पाण्याला तो 'स्वच्छ' म्हणतो. दुसरीकडे, काहीही न घातलेल्या विहिरीच्या पाण्याला 'दूषित' ठरवतो. — कृषी रसायनशास्त्राची प्राध्यापक

उत्तर : दोन्ही चुका शिकवणाऱ्या आहेत. क्लोरपायरिफॉस, मॅलॅथिऑन, पॅराथिऑन यांच्यात फॉस्फरसला गंधक दुहेरी बंधाने जोडलेला असतो. या रूपात ते एन्झाइमला फारसे रोखत नाहीत. कीटकाच्या शरीरात गंधकाच्या जागी ऑक्सिजन येतो आणि मग ते जहाल होतात. तुमच्या बीकरमध्ये कीटकाचे शरीर नाही. नमुन्याला एन-ब्रोमोसक्सिनिमाइडने ऑक्सिडाइज करा, काही मिनिटे थांबा आणि उरलेले ब्रोमोसक्सिनिमाइड ॲस्कॉर्बिक आम्ल घालून संपवा. ते राहिले तर एन्झाइमच मारेल आणि सगळेच नमुने दूषित ठरतील. यासाठी शुद्ध पाण्यावर हेच सगळे सोपस्कार केलेला कोरा नमुना बरोबर चालवायलाच हवा. ॲस्कॉर्बिक आम्लही इलेक्ट्रोडवर बोलते, म्हणून नमुन्यात ठेवण्याची वेळ संपल्यावर इलेक्ट्रोड धुऊन, नव्या बफरमध्ये मोजा.

विहिरीच्या पाण्याचे म्हणाल तर तांबे, पारा यांसारखे धातू आणि फ्लोराइड हेही एन्झाइमला रोखतात. धातूंसाठी १ मिलीमोलर ईडीटीए (धातू बांधून ठेवणारे रसायन) घालून पुन्हा पाहा. फ्लोराइडचा अडथळा तात्पुरता असतो, बफरने धुतले की एन्झाइम पूर्ववत होते. ऑर्गॅनोफॉस्फेटचा (क्लोरपायरिफॉसच्या गटातल्या कीटकनाशकांचा) अडथळा नुसत्या धुण्याने जात नाही. प्रॅलिडॉक्सिम (एन्झाइमला चिकटलेले ऑर्गॅनोफॉस्फेट सोडवणारे औषध) दिल्यावर सुटतो, तोही वेळेत दिले तर. कार्बामेट गटातली कीटकनाशके मधल्या जागी असतात, त्यांनी रोखलेले एन्झाइम हळूहळू आपसूक सुटते. धुणे आणि प्रॅलिडॉक्सिम या दोन पायऱ्यांवरून बराच उलगडा होतो.

प्रत्यक्ष मोजणीत आधी कोऱ्या बफरमधला करंट घ्या, मग १५ मिनिटे नमुन्यात ठेवा, धुवा, पुन्हा करंट घ्या. घट भागिले मूळ करंट गुणिले १०० म्हणजे टक्के अवरोध. सब्स्ट्रेट (एन्झाइमचे खाद्य) म्हणून १ मिलीमोलर ॲसिटिलथायोकोलिन क्लोराइड घ्या. बाजारात आयोडाइड सहज मिळते, पण आयोडाइड आयन स्वतःच इलेक्ट्रोडवर ऑक्सिडाइज होतो आणि एन्झाइमने मोकळ्या केलेल्या थायोकोलिनच्या करंटमध्ये मिसळतो. नमुन्यातले मिथेनॉल किंवा ॲसिटोन ५ टक्क्यांच्या आत ठेवा. आणि एक गोष्ट उलटी वाटेल : संवेदनशीलता वाढवायची तर एन्झाइम कमी बसवा. भरपूर एन्झाइम असेल तर थोडे कीटकनाशक त्यातले थोडेच मारते आणि करंट जागचा हलत नाही.

मर्यादा विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगा. सायपरमेथ्रिन, इमिडाक्लोप्रिड, ग्लायफोसेट यांना हा सेन्सर आंधळा आहे, कारण त्यांचे लक्ष्य दुसरे आहे. 'अवरोध नाही' याचा अर्थ 'कीटकनाशक नाही' असा कधीच लिहू नका. आणि जिथे अवरोध दिसतो तिथेही पदार्थाचे नाव घ्यायचे असेल तर गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्रीशिवाय गत्यंतर नाही.

प्रश्न : सांडपाण्याच्या बीओडीला (सूक्ष्मजीवांना त्यातली घाण पचवायला लागणारा ऑक्सिजन मोजायला) पाच दिवस थांबावे लागते. यीस्टचा सेन्सर वीस मिनिटांत आकडा देतो म्हणतात. त्यावर प्रकल्प चालवता येईल का?

उत्तर : चालवता येईल, अहवाल देता येईलच असे नाही. ऑक्सिजन इलेक्ट्रोडच्या टेफ्लॉन पडद्यावर यीस्टचा थर आणि त्यावर डायलिसिस पडदा, एवढीच रचना. यीस्ट खाऊ लागले की ऑक्सिजन घटतो. पण वीस मिनिटांत ते विरघळलेले, सहज पचणारेच खाते. स्टार्च, सेल्युलोज, तरंगणारा गाळ हे पाच दिवसांच्या चाचणीत मोजले जाते, इथे सुटते. म्हणून कागद कारखान्याच्या पाण्यात आकडा कमी येतो आणि साखरयुक्त पाण्यात बराच जुळतो.

कॅलिब्रेशनला लिटरला १५० मिलिग्रॅम ग्लुकोज आणि १५० मिलिग्रॅम ग्लुटामिक आम्ल असे द्रावण घ्या, त्याचा पाच दिवसांचा बीओडी लिटरला सुमारे १९८ मिलिग्रॅम धरतात. बफर आधी हवेने संपृक्त करा आणि तापमान काटेकोर सांभाळा : २० अंशांना पाण्यात लिटरला ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ७.६. एका अंशाची ढिलाईही बीओडी म्हणून नोंदवली जाते.

खरा धोका वेगळाच. पाण्यात क्लोरीन किंवा विषारी धातू असले की यीस्ट मरते, ऑक्सिजन घटत नाही, आणि सर्वांत घाण पाणी सर्वांत स्वच्छ म्हणून नोंदले जाते. क्लोरीन आधी सोडियम सल्फाइटने काढा. दर दहा नमुन्यांनंतर वरचे प्रमाणित द्रावण पुन्हा द्या. त्याचा आकडा पडला असेल तर मागचे दहाही नमुने रद्द.

प्रश्न : लॅटरल फ्लो पट्टीसाठी (थेंब टाकल्यावर रेघ उमटणाऱ्या चाचणीच्या पट्टीसाठी) सोन्याचे कण करतो. कण लाल येतात, अँटिबॉडी घातली की निळे-जांभळे होऊन तळाशी बसतात.

उत्तर : कणांची पाककृती आधी पक्की करा. ०.०१ टक्का क्लोरोऑरिक आम्लाचे ५० मिलिलिटर उकळते ठेवून त्यात १ टक्का सोडियम सायट्रेटचे ०.५ मिलिलिटर घातले की सुमारे ४० नॅनोमीटरचे कण मिळतात. १ मिलिलिटर घातले तर १६ नॅनोमीटरच्या आसपास. पट्टीला ४० बरे. काचेला आधीच्या प्रयोगाचा धातू चिकटलेला असेल तर पहिल्याच मिनिटाला सगळे काळवंडते, त्यासाठी भांडे अम्लराजाने (सोने विरघळवणाऱ्या आम्लमिश्रणाने) धुवावे लागते.

अँटिबॉडीच्या वेळी दोन कारणे नेहमीची : अँटिबॉडी ज्या द्रावणात आली त्यातले मीठ आणि चुकीचा सामू. अँटिबॉडी आधी २ मिलीमोलर बोरेटमध्ये डायलाइज करा (पडद्यातून मीठ बाहेर काढा). सोन्याचा सामू पोटॅशियम कार्बोनेटने ८.५ ते ९ वर आणा, पण कागदी पट्टीने तपासा. पीएच मीटरचा प्रोब उघड्या सोन्यात बुडवला तर त्याचे तोंड सोन्याने बुजते. मग सात नळ्यांत १००-१०० मायक्रोलिटर सोने घेऊन अँटिबॉडी मिलिलिटरला ०, २, ४, ६, ८, १० आणि १५ मायक्रोग्रॅम होईल अशी घाला. दहा मिनिटांनी प्रत्येकीत १० टक्के मिठाचे १० मायक्रोलिटर. ज्या सर्वांत कमी मात्रेला लाल रंग टिकतो तिच्यात पाचवा हिस्सा आणखी धरून मोठी खेप करा आणि १ टक्का बीएसएने उरलेली जागा झाका. शून्याची नळीही लालच राहिली तर मीठ घालायचे राहिले आहे.

प्रश्न : शिशासाठी डीएनए ॲप्टामर (ठरावीक पदार्थाला पकडणारा डीएनएचा छोटा तुकडा) वापरतो. फॉस्फेट बफरमध्ये प्रतिसादच नाही.

उत्तर : शिसे फॉस्फेटबरोबर न विरघळणारा साका करते, ॲप्टामरपर्यंत पोहोचणार कसे? मॉप्स, हेपेस किंवा ॲसिटेट वापरा. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मार्गदर्शक मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम, म्हणजे जेमतेम ४८ नॅनोमोलर आहे. एवढ्याशा शिशातले बरेचसे काचेच्या भिंतीलाही चिकटते. नमुने नायट्रिक आम्लाने सामू २ च्या खाली आणून प्लास्टिकच्या बाटलीत ठेवा आणि मोजण्याआधी सामू परत ७ वर आणा, नाहीतर ॲप्टामर घडी घालणार नाही.

प्रश्न : शोधमर्यादा (सेन्सरला ओळखता येणारे सर्वांत कमी प्रमाण) ३.३ गुणिले सिग्मा (कोऱ्या नमुन्याच्या आकड्यांचे प्रमाण विचलन) भागिले उतार या सूत्राने काढली, तरी परीक्षकांनी परत पाठवली. सूत्र चूक आहे का?

उत्तर : सूत्र बरोबर आहे, सिग्मा कुठून आणला ते पाहा. एकाच इलेक्ट्रोडवर कोरा बफर दहा वेळा मोजला तर मिळतो तो तुमच्या मंडलाचा गोंगाट. वापरणाऱ्याच्या हातात दर वेळी वेगळी पट्टी असते. दहा वेगवेगळे इलेक्ट्रोड, जमल्यास दोन खेपांतले, घ्या. कोरा नमुनाही बफरचा नको, ज्यात मोजायचे आहे त्याच प्रकारचा पण तो पदार्थ नसलेला हवा. तसा नमुना मिळत नसेल तर खऱ्या नमुन्यात ज्ञात मात्रा तीन टप्प्यांत घालून उतार काढा आणि घातलेल्यापैकी किती टक्के परत मिळाले तेही छापा. शोधमर्यादा बहुधा दहापटीने वर जाईल, आणि परीक्षक तोच आकडा मागत आहेत.